भाड्याच्या गाडीला ओरखडा आणि उडालेली झोप

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी ३८ वर्षांची, डोंबिवलीत राहते, सहकारी बँकेत नोकरी करते. दिवाळीच्या सुट्टीत हे, मी, दहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे गोव्याला गेलो होतो. थिवीला रेल्वेतून उतरलो तिथेच भाड्याची गाडी आणून दिली. स्वतः चालवायची, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली. ह्यांचं लायसन्स रिन्यू व्हायचं राहिलं होतं, म्हणून करार माझ्या नावावर झाला आणि गाडीही मीच चालवली. गाडी चालवायची मला भीती कधीच नव्हती. स्कूटर रोजची, भावाची गाडीही अधूनमधून चालवते.

आसगावच्या आतल्या रस्त्याने येताना समोरून बस आली. रस्ता एका गाडीपुरताच. मी डावीकडे घेतली आणि गाडीची मागची डावी बाजू चिऱ्याच्या गडग्याला घासली. वेग म्हणाल तर पायी चालण्याइतका. गडग्याला काही झालं नाही, चिऱ्यावर आमच्या गाडीचा पांढरा रंग तेवढा लागला. गाडीचा बंपर मात्र एका टोकाला निसटला आणि मागच्या दारापासून दिव्यापर्यंत लांब ओरखडा उठला. कुणाला खरचटलंही नाही. गडग्यामागच्या घरातल्या बाईंनी पाणी आणून दिलं.

परत देताना मालकाने १०,००० रुपयांचं डिपॉझिट ठेवून घेतलं. घरी आल्यावर त्यांचा व्हॉट्सॲप मेसेज आला : एकूण खर्च २८,०००. दुरुस्तीचे १६,००० आणि गाडी आठ दिवस उभी राहिली त्याचे १२,०००. उरलेले १८,००० लगेच पाठवा, नाहीतर पोलिसात जाऊ, तुमच्या लायसन्सची आणि आधारची कॉपी आमच्याकडे आहे. बिल नाही, फोटो एकच.

याला आता तीन आठवडे होत आले. मोबाइल वाजला की छातीत धस्स होतं. डोळे मिटले की घासण्याचा तो आवाज येतो. स्कूटरला हात लावलेला नाही, बँकेत रिक्षाने जाते. आणि सारखं एकच मनात येतं, त्या गडग्याला लागून एखादं मूल उभं असतं तर? सासूबाई म्हणतात, ‘तरी मी सांगत होते, ड्रायव्हरवाली गाडी घ्या.’ हे म्हणतात, ‘पैसे देऊन टाक आणि विषय संपव.’ देऊन टाकू का? आणि हे डोक्यातून जाईल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. हो, बहुतेक करून जाईल. पण तुमच्या पत्रात दोन काळज्या एकमेकींत गुंतल्या आहेत. मालकाचा मेसेज, पोलीस आणि लायसन्स ही एक काळजी. तिला उत्तर आहे आणि ते कागदावर आहे. ‘मूल असतं तर’ ही दुसरी. तिला उत्तर नाही, कितीही रात्री जागलात तरी मिळायचं नाही. तुम्ही पहिलीवर काहीच करत नाही आहात आणि दुसरीवर रात्रंदिवस डोकं चालवता आहात. हे उलटं करायचं आहे.

कागदापासून सुरुवात करू. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम १३४ सांगतं की अपघातात माणूस जखमी झाला किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर चालकाने पोलिसांना माहिती द्यायची, जागेवर पोलीस नसतील तर २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात जाऊन. तुमच्या बाबतीत माणूस सुखरूप, गडगाही शाबूत. राहिला तो गाडीच्या दुरुस्तीचा, म्हणजे तुम्ही आणि मालक यांच्यातल्या पैशांचा वाद. तो दिवाणी स्वरूपाचा. असल्या ओरखड्यासाठी कुणाचं लायसन्स जात नाही. ‘पोलिसात जाऊ’ हे वाक्य तुम्ही घाबरून पैसे पाठवावेत म्हणून आहे आणि तुम्ही घाबरलात.

आता २८,००० चं बघू. माझे धाकटे दीर मिरजेला डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवतात. तुमच्या पत्रातला गाडीचा भाग मी त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, बंपर टोकाला निसटतो तेव्हा बहुतेक वेळा क्लिपा किंवा आतलं ब्रॅकेट गेलेलं असतं, अख्खा बंपर बदलावाच लागतो असं नाही. रंगाचं काम धरलं तर दार, मागची बाजू आणि बंपर अशी तीन पॅनल. छोट्या गाडीला एका पॅनलमागे तीन-चार हजार धरा. म्हणजे दुरुस्तीचे १६,००० थोडे फुगवलेले असतील, पण हवेतून काढलेले नाहीत. आठ दिवसांबद्दल मात्र ते लगेच म्हणाले, तीन पॅनलचं काम दोन-तीन दिवसांचं.

गाडीची काळी पाटी तुमच्या बाजूची आहे. स्वतः चालवायला भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या गाडीचीच तशी पाटी असते आणि तिचा विमाही त्याच वापरासाठी उतरवलेला असतो. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी भाड्याने दिली असती, तर विमा कंपनीने हात वर केले असते. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याचा वापर वगळलेला असतो. तेव्हा मालकाला सरळ विचारा, क्लेम केला का? कंपनीने दुरुस्तीचे पैसे दिले तर उरेल तेवढ्याचाच प्रश्न येतो. पॉलिसीतली ठरावीक वजावट असते, म्हणजे कंपनी न देणारी रक्कम, आणि झीज धरलेली असेल तर प्लॅस्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. तो फरक ते तुमच्याकडे मागू शकतात. कंपनीकडूनही घ्यायचे आणि तुमच्याकडूनही, हे चालत नाही. लहान कामाला बरेच मालक क्लेम करत नाहीत, कारण नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो त्यांचा निर्णय झाला, त्याचा सगळा बोजा तुम्ही का उचलायचा, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

करारही काढून वाचा. गाडी उभी राहिल्याबद्दल पैसे द्यावे लागतील असं त्यात लिहिलंय का? नसेल तर आठ दिवस आले कुठून? असेल तरीही भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ हे देणं वाजवी भरपाईपुरतंच मर्यादित ठेवतं, करारात लिहिलेला आकडा ही त्याची वरची हद्द. आता आज रात्री जेवण झाल्यावर हा मेसेज पाठवा :

‘नमस्कार. गाडी माझ्या हातून घासली, वाजवी दुरुस्तीखर्च देण्याची माझी तयारी आहे. कृपया गॅरेजचं जीएसटी क्रमांकासह बिल, दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे फोटो, गाडी गॅरेजमध्ये किती तारखेपासून किती तारखेपर्यंत होती याची नोंद आणि विम्याचा क्लेम केला का, हे कळवा. ते पाहून डिपॉझिट वजा करून हिशेब पूर्ण करू. यापुढचं बोलणं लेखीच ठेवू.’

इतकंच पाठवा. माफीची चार वाक्यं जोडू नका, रागाचंही एक नको. गाडी ताब्यात घेताना कुणी व्हिडिओ काढला असेल तर तो जपून ठेवा. बिल आलं की डोंबिवलीतल्या एखाद्या गॅरेजवाल्याला फोटो दाखवून ताडून बघा. रक्कम पटली तर आनंदाने द्या. गाडी तुमच्या हातात असताना घासली, ते पैसे देणं लागतं आणि दिल्यावर तुम्हालाही मोकळं वाटेल. पण ह्यांचं ‘देऊन टाक’ मला पटत नाही. भीती गप्प बसावी म्हणून दिलेल्या १८,००० नंतर उद्या आणखी पाच हजारांचा मेसेज आला तर भीती तिथेच असेल. मालक बिलच देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बोला. पुढे जावंच लागलं, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. गोव्याला खेपा घालायची गरज नाही, वकीलही लागतोच असं नाही.

आता दुसरी काळजी. हॉर्न ऐकून दचकणं, तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकू येणं, झोप चाळवणं हे धक्क्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळ जणांना होतं. धडक किती जोरात होती यावर ते ठरत नाही. गाडीत आपलं मूल बसलेलं होतं, मागे सासूबाई होत्या, गाडी परक्याची होती, गाव परकं होतं. हे सगळं त्या एका क्षणात तुमच्या अंगावर आलं. ‘एवढंसं तर लागलं’ असं कुणी म्हणालं म्हणून शरीर ऐकत नाही. म्हणून स्वतःला घाबरट म्हणू नका.

‘मूल असतं तर’ याच्याशी वाद घालू नका. नव्हतं, हे तुम्हाला माहीत आहे, तरी मन विचारतंच. त्याला उत्तर देत बसलात की ते पुढचा प्रश्न काढतं. थॉमस बोर्कोव्हेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये एक साधी पद्धत तपासली, ती मी माझ्याकडे येणाऱ्यांना हमखास सांगते. काळजीला रोज अर्ध्या तासाची ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा द्यायची. तुम्ही संध्याकाळी साडेसात ठरवा, स्वयंपाकघरातली खुर्ची ठरवा, पलंग नको. दिवसभरात विचार आला की ‘साडेसातला बघू’ म्हणून हातातल्या कामाकडे वळायचं. साडेसातला खरंच बसायचं, मनात येईल ते वहीत लिहायचं, आठला उठायचं. मालकाचे मेसेजही त्याच वेळात उघडायचे. त्यांचा नंबर म्यूट करून ठेवा. सुरुवातीला विचार दर दहा मिनिटांनी येईल, येऊ दे, तितक्या वेळा पुढे ढकला.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तुमच्या स्कूटरची. रिक्षात बसलात की हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यातूनच मन शिकतं की स्कूटर धोक्याची होती. जितके दिवस जातील तितकं हे घट्ट होतं. म्हणून या रविवारी सकाळी खाली उतरा. स्कूटर स्टँडवरच ठेवून चालू करा आणि धडधड कमी होईपर्यंत बसून राहा. मग सोसायटीच्या आवारात फेऱ्या. दोन दिवसांनी गल्लीच्या टोकापर्यंत, मग बाजारापर्यंत, मग बँकेपर्यंत. एकच नियम पाळा : भीती टिपेला असताना उतरायचं नाही. थांबा, श्वास सावकाश सोडा, ती ओसरू द्या आणि मग उतरा. ह्यांना सुरुवातीला सोबत घ्या, पण ‘काही होणार नाही ना?’ हे त्यांना विचारू नका. तो दिलासा पाच मिनिटं टिकतो. स्कूटर जमली की भावाची गाडी घ्या आणि मुद्दाम एखाद्या अरुंद गल्लीतून न्या. तुमची भीती तिथे आहे, मोकळ्या रस्त्यावर नाही.

मुलीसमोर हे लपवू नका. दहा वर्षांच्या मुलीला आई रिक्षाने का जाते हे कळतं. ‘मी घाबरले होते, आता पुन्हा चालवायला लागले आहे’ एवढं सांगा आणि तिला मागे बसवून क्लासला सोडा.

सासूबाईंना एकदाच, शांतपणे सांगा : ‘आई, तुम्ही सांगितलं होतंत, खरं आहे. आता त्यावर रोज बोलणं झालं की मला रात्री झोप लागत नाही.’ मला वाटतं, त्याही मनातून हादरल्या असतील. मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसल्या असतील तर तो आवाज त्यांनी तुमच्याहून जवळून ऐकला. त्या दिवशी त्यांना काय वाटलं, हे कुणी विचारलंय का?

महिना उलटूनही वाईट स्वप्नं, दचकणं आणि वाहन टाळणं तसंच राहिलं, किंवा खाणंपिणं आणि बँकेतलं काम बिघडायला लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. यावर चांगले उपचार आहेत. रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं. कुणाची मान त्या दिवसानंतर दुखत असेल, हाताला मुंग्या येत असतील, तर ते मनावर न ढकलता डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आम्ही चार मित्रांनी तारकर्लीला जायला कोल्हापुरात गाडी भाड्याने घेतली. करार माझ्या नावावर, पण मित्राने चालवताना आरसा आणि दरवाजा ठोकला. आता तो म्हणतो, चौघांनी भागवू. मला राग येतोय आणि मैत्री तुटेल म्हणून बोलवतही नाही. काय करू?
— एक वाचक, गारगोटी

उत्तर : मालकाच्या दृष्टीने जबाबदार तुम्ही, कारण सही तुमची. करारात दुसऱ्या चालकाचं नाव नव्हतं, तर मालक त्यावर बोट ठेवतील, विम्यातही अडचण येऊ शकते. म्हणून आधी करार वाचा, बिल मागा आणि मालकाचा हिशेब तुम्ही मिटवा. मित्रांमधलं त्यानंतर. चौघांनी भागवायचं की नाही हे कायदा सांगणार नाही. माझं मत विचाराल तर चालवणाऱ्याने निम्मा उचलावा, उरलेला तिघांनी, कारण गाडीत तुम्ही सगळेच मजेत बसला होता आणि चावी त्याच्या हातात तुम्हीच दिली होती. हे ग्रुपवर टाकू नका. त्याला एकट्याला गाठा, आकडा सांगा आणि कधीपर्यंत देतोस ते विचारा.