टाचेखालचा खड्डा आणि काइटबोर्डचा फोम

तुमचा प्रश्न असा, की ईपीएस फोमचा (म्हणजे थर्मोकोलसारख्या मण्यांचा) काइट सर्फबोर्ड, म्हणजे पतंगाच्या ओढीने पाण्यावर चालवायची फळी, एकाच हंगामात टाचेखाली दबला, म्हणजे फोम हलक्या प्रतीचा निघाला का? आणि पुढचा बोर्ड पीव्हीसी सँडविचचा घ्यावा का?

आधी त्या खड्ड्यावर अंगठा दाबून बघा. जागा टणक लागली तर आतले फोमचे मणी चेपलेत एवढंच. काचकापड आणि रेझिनचा (सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रावाचा) वरचा थर अजून चिकटून आहे आणि बोर्ड बराच चालेल. पण पृष्ठभाग आत जाऊन पुन्हा वर येत असेल, तर थर फोमपासून सुटलाय. नाण्याने ठोकत गेलात की हद्दही कळते: धड जागी टक्क असा खणखणीत आवाज, सुटलेल्या जागी बद्द. ती हद्द पेन्सिलीने आखून ठेवा. पुढे आवाज रेषेबाहेर बद्द येऊ लागला तर दुरुस्ती टाळू नका.

मी यावर इतका जोर देतो, कारण बोर्ड मोडतो तो बहुतेकदा इथूनच. उडीवरून उतरताना आपलं वजन मधोमध आणि पाण्याचा रेटा खालून सगळीकडे. खालचा थर ताणला जातो, वरचा आवळला जातो. आवळलेला पातळ थर फुगून सुटायला बघतो, त्याला धरून ठेवतो तो फोम. पकड गेली की तोच थर पुढच्या पायाजवळ घडी पडल्यासारखा दुमडतो.

घनतेचा फरक अर्थात पडतो. घनमीटरला 16 किलोचा ईपीएस टाचेला लवकर हार मानतो, 32 किलोचा बराच तग धरतो. सँडविचमध्ये ईपीएसवर, काचकापडाच्या दोन थरांमध्ये, काही मिलिमीटरची घट्ट पीव्हीसी फोमची पट्टी असते. ती टाचेचा भार आजूबाजूला पसरवते. उड्या मारत असाल तर जरूर घ्या. एक्सपीएस (मणी नसलेला एकसंध फोम) पाणी फारसं पीत नाही, पण त्याच्या गुळगुळीत अंगावर रेझिनची पकड कमी, म्हणून मला तो पटत नाही.

सँडविचच्याही पोटात ईपीएसच असतो, हे मात्र विसरू नका. मणी पाणी शोषत नाहीत. पाणी शिरतं ते मण्यांमधल्या फटींतून. माझ्या एका बोर्डला फिनबॉक्सच्या (बोर्डखालचा पंख बसवायच्या खाचेच्या) कडेला केसाएवढी चीर गेली होती. रंगाची असेल म्हणून मी तसाच खेळत राहिलो. काही आठवड्यांनी बोर्ड उचलताना हाताला जड लागला, आणि उन्हात ठेवल्यावर त्या चिरेतून थेंब थेंब पाणी येऊ लागलं. तेव्हापासून नवा बोर्ड आला की कोरडा असतानाच वजन करून लिहून ठेवतो.

चीर दिसली की त्या दिवसापुरतं खेळणं थांबवा. दुरुस्तीआधी चिरेची बाजू खाली करून सावलीत पूर्ण वाळू द्या. रेझिन इपॉक्सीच वापरा. पॉलिएस्टर रेझिन ईपीएस अक्षरशः विरघळवतं, आणि साधी चीर असते तिथे पोकळी होते.

बंद गाडीत, विशेषतः गडद रंगाचा बोर्ड, कधीच ठेवू नका. आतली हवा तापून थराला आतून ढकलते. हवेसाठी स्क्रू असेल तर विमानप्रवासात तो सैल ठेवा आणि पाण्यात उतरण्याआधी आठवणीने घट्ट करा.