जनरल थोरातांना डीएसओ नेमका कशासाठी मिळाला? बाकी कोणती पदकं होती?

डीएसओ, म्हणजे डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर हा ब्रिटिश लष्करी सन्मान, मिळाला तो ब्रह्मदेशातल्या लढाईसाठी. जानेवारी १९४५ मध्ये आराकानात कांगॉ इथे जपान्यांची माघारीची वाट तोडायची होती. ५१व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे कमांडर भारतीय होते: थिमय्या, एल. पी. सेन आणि आपले कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. त्या काळी ही गोष्ट दुर्मीळच. थोरातांच्या २/२ पंजाब पलटणीनं 'मेलरोज' नावाची टेकडी हातघाईच्या लढाईत घेतली. तिघांनाही डीएसओ मिळाला. हे पदक नुसतं वैयक्तिक धाडसाचं नव्हे, लढाईत तुकडीचं नेतृत्व कसं केलं हेही त्यात पाहिलं जाई.

पुढे १९५३-५४ मध्ये कोरियात त्यांनी युद्धकैद्यांवर देखरेख ठेवणाऱ्या भारतीय कस्टोडियन फोर्सचं नेतृत्व केलं. तिथे चवताळलेल्या युद्धकैद्यांच्या जमावात स्वतः शिरून त्यांनी प्रसंग निभावला. त्यासाठी अशोक चक्र वर्ग २, म्हणजे आजचं कीर्तिचक्र. शिवाय पद्मश्री.

मला विचाराल तर पदकांहून मोठं काम १९६० चं. लष्कराच्या पूर्व विभागाचे प्रमुख असताना 'लाल किला' या लष्करी सरावातून त्यांनी चीनच्या हल्ल्याचा धोका स्पष्ट दाखवला होता. दिल्लीनं तो मनावर घेतला नाही.