८ हजारात ५०० बॅकलिंक घ्यायच्या आधी हा हिशोब बघा

तुम्ही विचारलंय की तासगावात बेदाण्याचा धंदा आहे, वेबसाईट काढून वर्ष होत आलं तरी गूगलवर कुठंच दिसत नाही, आणि एकजण ८ हजारात ५०० बॅकलिंक (म्हणजे दुसऱ्यांच्या साईटवरून तुमच्या साईटकडं येणाऱ्या लिंक) देतो म्हणतोय, सगळ्या डीए (डोमेन अथॉरिटी, साईटच्या वजनाचा एक आकडा) ४० च्या वरच्या, तर घेऊ का. दादा, घेऊ नका. मी सांगलीत बरीच वर्षं दुकानदारांच्या साईट बघतोय आणि हेच पॅकेज दर वर्षी नव्या नावानं विकायला येतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोण कुणाला लिंक देतंय यावरून पानाचं वजन ठरवायचं, ही गूगलची मूळ कल्पना. ती त्याचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांची, स्टॅनफर्डला शिकत असतानाची, १९९८ च्या त्यांच्या पेपरात ती नीट मांडलीय आणि तिचं नाव पेजरँक. आपल्या मार्केट यार्डातच बघा ना, नवीन खरेदीदार आला आणि उधारीवर हळद मागायला लागला की अडत्या पहिलं विचारतो, तुम्हाला ओळखतंय कोण? जुन्या पेढीचा मालक म्हणाला की माझ्या माहितीतला माणूस आहे, तर माल सुटतो. पण जो माणूस दिवसाला शंभर जणांना "हा आपलाच" म्हणत फिरतो त्याच्या शब्दावर कोण एक पोतं सोडत नाही. आणि त्या जुन्या पेढीच्या शब्दाला वजन कशामुळं, तर तिला मानणारे लोक स्वतः वजनदार आहेत म्हणून. पेजरँक हेच आकड्यात करतंय.

आता आकडे घ्या, कारण खरी गोम इथंच आहे. मूळ सूत्रात ज्या पानाला कुणाचीच लिंक नाही त्याला फक्त ०.१५ गुण मिळतात. प्रत्येक पान आपल्या गुणांपैकी ८५ टक्केच पुढं देतंय, आणि तेही त्याच्यावर जितक्या लिंक आहेत तितक्यात सारखं वाटून. तुम्हाला ५०० लिंक देणारी पानं कशी असतात, तर कुणी विचारत नाही अशी, आणि एकेकावर शंभर-शंभर लिंक कोंबलेल्या. म्हणजे ०.१५ गुणिले ०.८५ भागिले १००, एका लिंकमागं जेमतेम ०.००१३. असल्या ५०० गोळा केल्या तरी बेरीज ०.६४ च्या आसपास. याउलट एखाद्या द्राक्षशेतीवरच्या चांगल्या पानाचे गुण समजा ६ आहेत आणि त्यावर फक्त ३ लिंक आहेत, त्यातली एक तुमची, तर त्या एकट्या लिंकचे १.७ होतात. एक लिंक ५०० ला भारी पडली, आणि हे तर गूगलनं काहीही संशय न घेता नुसतं सूत्र लावलं तर. आजचं गूगल शेकडो गोष्टी बघतंय, पण लिंक देणारा कोण आणि तो किती जणांना देतोय हा पाया तोच राहिलाय.

डीए म्हणजे मॉझ नावाच्या कंपनीनं स्वतः काढलेला १ ते १०० चा अंदाज, गूगल तो वापरत नाही. शिवाय तो आकडा अख्ख्या साईटचा असतो, तुमची लिंक ज्या कोपऱ्यातल्या पानावर चिकटवतात त्या पानाचा नाही. विकणारे नेमकं एवढंच सांगत नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

दुसरी गोष्ट लिंकवरच्या शब्दांची. ज्या शब्दांवर क्लिक करायचं ते शब्द समोरच्या पानाबद्दलच धरले जातात, आणि याचा गैरवापर लोकांनी लवकरच केला. अमेरिकेत २००३ च्या सुमारास लोकांनी ठरवून 'मिझरेबल फेल्युअर' या शब्दांवर जॉर्ज बुशच्या पानाची लिंक दिली आणि ते शोधलं की पहिलं तेच पान यायचं, २००७ मध्ये गूगलनं ते बंद केलं. आता उलटं झालंय, सगळ्या लिंकवर एकच शब्द असले की तोच संशयाचा पुरावा ठरतो, कारण खरी माणसं लिंक देताना कुणी दुकानाचं नाव लिहितंय, कुणी "इथं बघा", कुणी नुसता पत्ता.

२०१२ च्या एप्रिलमध्ये गूगलचं पेंग्विन नावाचं अपडेट आलं आणि विकतच्या लिंकवाल्या साईट धडाधड खाली गेल्या. माझ्याकडं २०१३ ला एक हळदीचं दुकान आलं होतं, त्यांच्या आधीच्या एजन्सीनं शेकडो लिंक घेतलेल्या, सगळ्यांवर 'राजापुरी हळद ऑनलाइन' हेच शब्द, आणि वेबमास्टर टूल्समध्ये (साईटमालकांसाठीचं गूगलचं साधन, आता त्याला सर्च कन्सोल म्हणतात) अनैसर्गिक लिंकचा मेसेज येऊन पडलेला. एकेका साईटवाल्याला मेल करून लिंक काढायला लावल्या, उरलेल्या डिसअव्हाव केल्या (म्हणजे या लिंक माझ्या धरू नका असं गूगलला कळवलं), परत तपासणीचा अर्ज केला, यात चार महिने गेले आणि तेवढ्यात त्यांचा सीझन गेला. २०१६ पासून पेंग्विन असल्या लिंक बहुतेक वेळा नुसत्या सोडून देतंय, म्हणजे पैसे पाण्यात, पण माणसानं तपासून केलेली कारवाई अजूनही होते.

नोफॉलोचं पण विचारलंत. ती लिंकच्या कोडमध्ये घालायची एक खूण, २००५ ला कमेंटमधला स्पॅम थांबवायला काढली, आधी तिचा अर्थ "ही लिंक मोजू नका" असा होता, २०१९ ला गूगलनं सांगितलं की इथून पुढं ती फक्त इशारा म्हणून धरू, आणि पैसे देऊन घेतलेल्या लिंकसाठी 'स्पॉन्सर्ड' अशी वेगळी खूण आली. तरी नोफॉलो लिंकवरून गिऱ्हाईक येत असेल तर ती आनंदानं घ्या.

मग करायचं काय? तुमच्या साईटवर नुसते दर आणि फोटो आहेत, त्याला कोण लिंक देणार. तुम्ही शेडवर जे करता ते लिहा, डिपिंग ऑइल कशाचं, जाळीवर किती दिवस, हिरवा आणि पिवळा बेदाणा वेगळा कसा होतो, गंधकाची धुरी कुठं लागते, ४ किलो द्राक्षाचा साधारण १ किलो बेदाणा कसा होतो. हे मराठीत नीट लिहिलेलं फार कमी सापडतंय. मग तुम्ही ज्यांना माल देता त्या मिठाईवाल्यांना सांगा की बेदाणा कुठला ते तुमच्या पानावर लिहा, तुमचे द्राक्षवाले शेतकरी आहेत, पॅकिंगवाला आहे, ज्यांचा तुमच्याशी खरा व्यवहार आहे त्यांच्या साईट असतील तर त्यांच्याकडनं घ्या. पाच-सहा आल्या तरी चालतंय. आणि स्वतःच्या साईटमधल्या लिंक विसरू नका, तुमच्या होमपेजवरून त्या बेदाण्याच्या लेखाला आणि लेखातून विक्रीच्या पानाला लिंक पाहिजेच, तिथं गुण घरातच वाटले जातात आणि फुकट आहे ते.

त्या माणसाला आधीच ॲडव्हान्स दिला असेल तर आजच फोन करून काम थांबवा, आणि सर्च कन्सोलमध्ये 'मॅन्युअल ॲक्शन' (वर सांगितलेली माणसानं केलेली कारवाई) उघडून बघा काही आलंय का. काही नसेल तर जुन्या लिंकला हात लावू नका, डिसअव्हावची गरज नाही.