‘अपॉलॉजी’ म्हणजे माफी नव्हे: सॉक्रेटिसच्या भाषणाला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे: एका मराठी लेखात प्लेटोच्या ‘अपॉलॉजी’चा, म्हणजे सॉक्रेटिसने खटल्यात केलेले भाषण ज्यात आहे त्या ग्रंथाचा, उल्लेख ‘सॉक्रेटिसची क्षमायाचना’ असा केलेला आढळला आणि दुसऱ्या एका ठिकाणी तोच ग्रंथ ‘सॉक्रेटिसचा माफीनामा’ झाला होता. सत्य सोडण्यापेक्षा ज्याने मरण पत्करले असे आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्याने खरोखरच क्षमा मागितली होती का? मागितली नसेल, तर या शीर्षकासाठी योग्य मराठी शब्द कोणता?

त्याने क्षमा मागितली नव्हती, आणि मागणार नाही हे त्याने त्याच भाषणात कारणांसह सांगितले होते. त्यामुळे ‘क्षमायाचना’ हा येथे केवळ सैल अनुवाद राहत नाही, तर ग्रंथात जे आहे त्याच्या नेमके उलटे तो वाचकाच्या मनात भरवतो. या चुकीविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण ती एका शब्दाच्या लांबच्या प्रवासातून झालेली आहे.

मूळ ग्रीक शब्द ‘अपोलोगिया’ असा आहे. ‘अपो’ म्हणजे पासून, दूर; आणि ‘लोगोस’ म्हणजे बोलणे, विधान, कारण देऊन केलेला खुलासा. आरोप अंगावरून दूर सारण्यासाठी केलेले बोलणे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. प्राचीन अथेन्समध्ये आजच्यासारखे वकील नसत. ज्याची तक्रार असे तो नागरिक स्वतः उभा राहून आरोपाचे भाषण करी, त्याला ‘कातेगोरिया’ म्हणत; त्यानंतर ज्याच्यावर आरोप असे तो स्वतः उत्तर देई, ती ‘अपोलोगिया’. हे शब्द जोडीचे आहेत, जसे आपल्याकडे फिर्याद आणि बचाव. यांतला ‘कातेगोरिया’ पुढे ॲरिस्टॉटलने तर्कशास्त्रात वेगळ्या अर्थाने वापरला आणि त्यातूनच आपल्या रोजच्या वापरातला ‘कॅटेगरी’ आला. ‘अपोलोगिया’चे भाग्य त्याहून विचित्र निघाले.

इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसवर खटला झाला तेव्हा तो सत्तर वर्षांचा होता आणि न्यायालयात उभे राहण्याची ही आपली पहिलीच वेळ आहे असे तो भाषणाच्या आरंभी सांगतो. आरोप करणारे तिघे होते: मेलेतोस, आनितोस आणि लिकोन. नगर ज्या देवांना मानते त्यांना हा मानत नाही, नवीनच दैवी गोष्टी आणतो आणि तरुणांना बिघडवतो, असे आरोपपत्राचे स्वरूप होते. सुमारे ५०० नागरिकांच्या न्यायमंडळापुढे एका दिवसात खटला उरकला. तीस मते इकडची तिकडे झाली असती तर आपण सुटलो असतो, असे सॉक्रेटिस दोषी ठरल्यानंतर म्हणतो. या प्रसंगी तो जे बोलला ते प्लेटोने ज्या ग्रंथात मांडले त्याचे नाव ‘सॉक्रेटिसची अपोलोगिया’; सॉक्रेटिसचा दुसरा अनुयायी झेनोफोन यानेही याच नावाचे एक छोटे लेखन केले आहे. म्हणजे त्या काळच्या वाचकाला या शीर्षकातून एवढेच कळत होते की, हे आरोपीचे उत्तराचे भाषण आहे.

आता ‘क्षमायाचना’ हा शब्द या ग्रंथात बसतो का, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. शीर्षकातल्या याच शब्दाचे क्रियापद भाषणाच्या शेवटच्या भागात, देहान्ताची शिक्षा ठरल्यानंतर, एका फार महत्त्वाच्या वाक्यात येते. इतर आरोपी रडतात, विनवण्या करतात, सुटण्यासाठी वाटेल ते बोलतात, ते आपल्याला शोभणारे नाही, असे सांगून सॉक्रेटिस म्हणतो: तसे करून जगण्यापेक्षा असा बचाव करून मेलेले मला कितीतरी अधिक पसंत आहे. ‘असा बचाव करून’ हे ‘अपोलोगिया’चेच क्रियापद आहे. त्याच्या जागी ‘अशी क्षमा मागून’ घालून पाहावे. ‘तसे करून जगण्यापेक्षा अशी क्षमा मागून मेलेले मला पसंत आहे’ या वाक्याला काही अर्थच उरत नाही, कारण ज्या गोष्टीला त्याने नकार दिला तीच त्याच्या तोंडी जाते. जे क्रियापद ग्रंथाच्या गाभ्यातल्या वाक्यात चालत नाही, त्याचे नाम ग्रंथाच्या कपाळावर कसे चालेल?

दयेची याचना करण्याची अथेन्सच्या न्यायालयात रूढ पद्धत होती. आरोपी आपली मुले, नातेवाईक, मित्र यांना पुढे उभे करी आणि न्यायमंडळाच्या डोळ्यांत पाणी आणी. सॉक्रेटिस सांगतो की, मलाही घर आहे, तीन मुलगे आहेत, एक वयात येतो आहे आणि दोघे अजून लहान आहेत. पण त्यांतल्या एकालाही मी येथे आणणार नाही. यामागे उद्धटपणा नाही, हेही तो स्पष्ट करतो. त्याचा मुद्दा असा की, न्यायमंडळात बसलेल्यांनी न्याय खैरातीसारखा वाटायचा नसतो. कायद्याप्रमाणे निवाडा देऊ अशी शपथ त्यांनी देवांसमोर घेतलेली आहे. त्यांना विनवून त्या शपथेपासून ढळवणे म्हणजे देव नाहीत असे त्यांना शिकवणे, आणि मग देवांना न मानण्याचा जो आरोप आपल्यावर आहे तो आपणच सिद्ध करून दिल्यासारखे होईल. मला हा संपूर्ण भाषणातला सर्वांत बांधीव युक्तिवाद वाटतो. क्षमा मागणे हाच येथे गुन्ह्याचा पुरावा ठरतो, आणि आपण मराठीत त्याच भाषणाला क्षमायाचना म्हणतो आहोत.

दोषी ठरल्यानंतर शिक्षेबाबत आरोपीने आपल्या बाजूने पर्याय सुचवायचा असे. त्या वेळीही तो नमला नाही. ऑलिंपिकमधल्या विजेत्यांना मिळतो तसा प्रितानेयोन या नगरभवनात सरकारी खर्चाने जेवणाचा मान आपल्याला मिळावा, असे तो आधी म्हणतो. मग एक मिना (त्या काळच्या ग्रीक चलनातली एक रक्कम) दंड देऊ शकेन म्हणतो. आणि प्लेटो, क्रितोन, क्रितोबुलोस व आपोलोदोरोस हे मित्र जामीन राहतात म्हणून शेवटी तीस मिना सांगतो. माफीनामा लिहून देणारा माणूस अशी भाषा करत नाही.

अनुवादकांच्या हातून निसटणारी आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे, कारण तीही शब्दाचीच आहे. अथेन्सच्या आरोपीने समोरच्या मंडळाला ‘न्याय करणाऱ्यांनो’ अशा अर्थाच्या संबोधनाने हाक मारण्याचा प्रघात होता. त्यासाठी ‘दिकास्तेस’ हा शब्द होता. सॉक्रेटिस जवळजवळ संपूर्ण भाषणभर ‘अथेन्सच्या लोकहो’ एवढेच म्हणत राहतो. अगदी शेवटी, मतदान आटोपल्यावर, ज्यांनी आपल्याला निर्दोष मानले त्यांच्याशी बोलताना तो प्रथम ‘न्याय करणाऱ्यांनो’ म्हणतो आणि तुम्हालाच हे नाव योग्य आहे असे त्यांना सांगतो. मराठी अनुवादात पहिल्या वाक्यापासूनच ‘न्यायाधीश महाराज’ घातले, तर त्याने शेवटपर्यंत राखून ठेवलेला तो एक शब्द वाया जातो.

मग माफीचा अर्थ आला कोठून? तो इंग्रजीतून आला. इंग्रजीत ‘अपॉलॉजी’ हा शब्द सोळाव्या शतकात रुळला तेव्हा त्याचा अर्थ ग्रीकसारखाच होता: आपल्या मताचे किंवा वागण्याचे समर्थन. पुढे, ज्याला आपल्या वागण्याने राग आला त्याला ‘माझा तसा हेतू नव्हता’ असा खुलासा करणे, हा अर्थ त्याला चिकटला. आणि त्या खुलाशातला खेदाचा भाग वाढत वाढत समर्थनाचा भाग पूर्णच गळून पडला. प्लेटोच्या ग्रंथाचे नाव मात्र जुन्याच अर्थाने तसेच राहिले. आपल्याकडे ग्रीक ग्रंथ इंग्रजीमार्गे आले आणि आपण शीर्षकाचा अर्थ आजच्या इंग्रजी शब्दकोशात पाहिला, तेथे घोटाळा झाला. ग्रीक भाषेत असा घोटाळा कधीच झाला नाही. आजच्या ग्रीसमध्येही आरोपीने न्यायालयात दिलेल्या उत्तराला ‘अपोलोगिया’च म्हणतात, आणि रस्त्यात कोणाला धक्का लागला तर ‘सिग्नोमी’ म्हणतात. तो शब्दच निराळा आहे.

आता मराठी प्रतिशब्दाकडे वळतो. ‘माफीनामा’ तर सरळच बाद होतो, कारण त्यात गुन्ह्याची कबुली गृहीत आहे. ‘दिलगिरी’ही चालणार नाही; जुन्या मराठीत दिलगीर म्हणजे खिन्न, आणि आजही त्या शब्दात खेद आहे, उत्तर नाही. ‘आत्मनिवेदन’ हा शब्द कोणाला भारदस्त वाटेल, पण नवविधा भक्तीतल्या नवव्या पायरीचे ते नाव आहे आणि त्यात समर्पणाचा भाव आहे, म्हणून तो येथे टाळावा. ‘जबाब’ म्हटले की पोलीस ठाण्यातला कागद आठवतो. ‘खुलासा’ कारणे दाखवा नोटिशीला दिला जातो. त्याचा जीव लहान पडतो.

राहिले दोन: ‘बचावाचे भाषण’ आणि ‘कैफियत’. पहिला शब्दप्रयोग स्वच्छ आहे, कोणालाही कळतो आणि चुकीचे काहीच सुचवत नाही. दुसऱ्याकडे मात्र माझा ओढा आहे, आणि त्याचे कारण सांगतो. ‘कैफियत’ मूळ अरबी शब्द. ‘कैफ’ म्हणजे कसे, यावरून तो झाला. एखादी गोष्ट कशी घडली ते कारणांसह सांगणे, हा त्याचा गाभा. ‘होळकरांची कैफियत’ या नावात तो घराण्याच्या हकिकतीसाठी आला आहे. दिवाणी न्यायालयात तो आजही जिवंत आहे: वादीचा दावा आणि त्यावर प्रतिवादीची कैफियत. आमच्या घरातल्या जमिनीच्या वाटपाच्या एका जुन्या दाव्याचे कागद मी मध्यंतरी पुन्हा वाचले. हिरवट लेजर कागदावर टंकलिखित मजकूर, वर ‘प्रतिवादी यांची कैफियत येणेप्रमाणे’ आणि लगेच पहिल्याच कलमात ‘वादीने दाव्यात केलेली कथने खरी नसून ती प्रतिवादीस मान्य व कबूल नाहीत’. प्लेटोच्या ग्रंथाचा आरंभ आठवून मी थबकलो. सॉक्रेटिसही तेथे हेच म्हणतो: आरोप करणारे इतके पटेल असे बोलले की मी कोण आहे हे मीच विसरायच्या बेतात होतो, पण त्यांच्या बोलण्यात खरे असे जवळजवळ काहीच नव्हते, खरे काय ते तुम्ही माझ्याकडून ऐकाल. आरोप नाकारायचा आणि मग आपली बाजू सांगायची, ही चाल दोन्हीकडे सारखी आहे.

‘कैफियत’वर एक आक्षेप घेता येतो आणि तो खोटा नाही. ‘गावकऱ्यांनी जिल्हाधिकाऱ्यांपुढे पाण्याची कैफियत मांडली’ अशा बातम्यांमुळे या शब्दाला गाऱ्हाण्याची, किंचित आर्जवाची छटा आली आहे, आणि आर्जव तर येथे नकोच आहे. शिवाय न्यायालयातली कैफियत लेखी असते, सॉक्रेटिस तोंडी बोलला. म्हणून मी असे सुचवीन की, शीर्षकात ‘सॉक्रेटिसची कैफियत’ म्हणावे आणि ग्रंथाचा परिचय देताना पहिल्याच वाक्यात ‘न्यायालयातले बचावाचे भाषण’ असे स्पष्ट करावे.

या शीर्षकाशी झुंजलेल्या एका भारतीय अनुवादकाचे उदाहरण येथे उपयोगी आहे. गांधीजींनी १९०८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत असताना याच ग्रंथाचा गुजराती सारांश ‘इंडियन ओपिनियन’मध्ये क्रमशः दिला, तेव्हा त्यांनी शीर्षकाचा शब्दशः अनुवाद करण्याच्या भानगडीत न पडता त्याला ‘एक सत्यवीरनी कथा’ असे नाव दिले. शब्द सोडला, पण माणूस बरोबर पकडला. त्या पुस्तिकेवर १९१० मध्ये मुंबई सरकारने बंदी घातली. तिच्यात सरकारला क्षमायाचना दिसली नव्हती, हे उघड आहे.

आणि तरीही ‘क्षमा’ हा शब्द अनुवादात वापरण्याची एक योग्य जागा आहे. भाषणाच्या अगदी सुरुवातीला सॉक्रेटिस म्हणतो की, न्यायालयातली भाषा मला परकी आहे, बाजारात सावकारांच्या पेढ्यांजवळ मी जसा बोलतो तसाच येथे बोलणार आहे. एखादा परदेशी माणूस आपल्या बोलीत बोलला असता तर तुम्ही त्याला क्षमा केलीच असती, तशीच माझ्या बोलण्याच्या पद्धतीला करा आणि मी जे म्हणतो ते न्याय्य आहे की नाही एवढेच पाहा. तेथे ग्रीकमध्ये क्षमा करण्याचे जे क्रियापद आहे, त्याचेच नाम आजचे ‘सिग्नोमी’. तेथे मराठीत ‘क्षमा’ लिहावे. ती त्याने आपल्या बोलीसाठी मागितली आहे.