पेरोव्हस्काइट पॅनेल येईपर्यंत थांबायचं का?

प्रश्न: छपरावर ३ किलोवॅटचं सोलर बसवायचं ठरलंय. पण मुलगा म्हणतो पेरोव्हस्काइट नावाचं नवीन मटेरियल येतंय, डबल वीज देईल, थांबा. काय करू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: थांबू नका. मुलगा म्हणतो ते मटेरियल खरंच भारी आहे, पण डबल वीज वगैरे काही नाही. २००९ मध्ये जपानमध्ये मियासाका यांच्या टीमने पेरोव्हस्काइटचा पहिला सोलर सेल केला तेव्हा तो जेमतेम ३.८ टक्के उन्हाची वीज करत होता, आज हेच सेल लॅबमध्ये २६ टक्क्यांच्या वर गेलेत, आणि नेहमीच्या पॅनेलमधल्या सिलिकॉनला इथवर यायला कितीतरी दशकं लागली. खरी मजा टँडेममध्ये, म्हणजे दोन वेगळ्या मटेरियलचे सेल एकावर एक ठेवण्यात आहे. एकट्या सिलिकॉनची थिअरीतली मर्यादाच साधारण २९ टक्के, कारण निळ्या प्रकाशातली जास्तीची एनर्जी त्यात नुसती उष्णता होऊन वाया जाते. म्हणून वर पेरोव्हस्काइटचा पातळ थर द्यायचा, तो निळा-हिरवा प्रकाश घेतो आणि लाल, इन्फ्रारेड खालच्या सिलिकॉनला सोडतो. चीनच्या लाँगी कंपनीने असा सेल ३४ टक्क्यांच्या पुढे नेलाय. पण तो लॅबमधला छोटासा सेल हो! ऑक्सफर्ड पीव्ही या ब्रिटिश कंपनीने २०२४ मध्ये पहिली टँडेम पॅनेल्स विकली ती २४.५ टक्क्यांची, आणि तुम्हाला आज बाजारात मिळणारं चांगलं सिलिकॉन पॅनेल २२-२३ चं असतं.

आणि अडचण टक्क्यांची नाहीच, टिकण्याची आहे. हे मटेरियल ओलावा, उष्णता, अल्ट्राव्हायोलेट सगळ्यानेच खराब होतं, शिवाय त्यात शिसं असतं आणि ते पाण्यात विरघळू शकतं, म्हणजे काच फुटली तर प्रश्न. पॅनेलच्या टेस्टमध्ये ८५ डिग्री तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास ठेवतात, काही पेरोव्हस्काइट त्यात पास झालीत, पण कोकणातले पंचवीस पावसाळे काढलेलं एकही नाही, असणार कुठून, पहिला सेलच २००९ चा! मला विचाराल तर रेकॉर्डच्या बातम्यांपेक्षा थर सील करण्यावर आणि शिसं अडवून ठेवण्यावर चाललेलं काम जास्त मोलाचं आहे. मुंबईच्या आयआयटीतही प्रा. दिनेश काबरा यांची टीम टँडेमवर काम करतेय.

तुम्ही सरळ टॉपकॉन (सिलिकॉनचाच सुधारित प्रकार) पॅनेल घ्या, केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे ती घ्या, आणि पॅनेलखालचं स्ट्रक्चर मात्र हॉट डिप गॅल्व्हनाइज्डच (वितळलेल्या जस्तात बुडवून लेप दिलेलं) मागा, तुमच्याकडच्या पावसात साधं लोखंड लवकर गंजतं.