माती काळी आहे, पण हप्ता कोण भरणार?

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"वय 49, नोकरीला 24 वर्षं झाली. आता शेती करायची आहे. दोन जमिनी पाहिल्या. पहिली पाच एकर, भारी काळी, विहीर असलेली. दुसरी आठ एकर, मुरमाड, उताराची, पाण्याचं साधन नाही, पण बरीच स्वस्त. पहिलीत लिंबूवर्गीय फळबाग लावायचा विचार आहे. मातीचा अहवाल, विहिरीचा व्हिडिओ आणि विकणाऱ्यांचं पत्रक सोबत जोडलं आहे. कोणती घ्यावी? (पहिलीचा विसार दिला आहे. घर तारण ठेवून कर्ज मंजूर झालं आहे. पुढच्या महिन्यात राजीनामा देतो आहे.)"

पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही कंसात लिहिलं आहे. मातीबद्दल बोलूच, पण आधी कंस उघडू.

तुमचे खरे आकडे इथे छापत नाही. राहतं घर सोडून तुमची सगळी पुंजी 100 धरतो. त्या मापात पहिल्या जमिनीची किंमत 90. त्यातले 30 तुमचे, 60 कर्जाचे. कुंपण, ठिबक, रोपं, पंप यांचे किमान 25 तुम्ही धरलेलेच नाहीत. मुलीच्या शिक्षणाचे 10 बाजूला काढा, त्यांना हात लावायचा नाही. हातात उरले 35.

आता वर्षाचा खर्च. घरखर्च 10. कर्जाला 10 टक्के व्याज, मुदत 15 वर्षं, म्हणजे हप्त्यांचे पावणेआठ. बागेची मजुरी, खतं, फवारणी, वीज मिळून 4. झाले जवळपास 22. पस्तीस भागिले बावीस, म्हणजे साधारण 19 महिने. तेव्हा तुमची झाडं कमरेएवढी असतील आणि बँकेचे 13 वर्षांहून जास्त हप्ते बाकी असतील.

पत्रकात "चौथ्या वर्षापासून दरवर्षी गुंतवणुकीच्या 18 टक्के उत्पन्न" असं ठसठशीत छापलंय. क्षणभर ते अक्षर न् अक्षर खरं धरू. गुंतवणूक 115, त्याचे 18 टक्के म्हणजे 21. खर्च 22. विकणाऱ्याच्या स्वप्नातसुद्धा तुमचं भागत नाही! शिवाय त्यांनी "उत्पन्न" लिहिलंय, "नफा" नाही. ज्याला झाडांची अशी खात्री आहे, तो पाच एकर विकून का मोकळा होतो आहे, हे त्याला एकदा विचारून पाहा. फळबागेच्या उत्पन्नाची हमी देणारं पत्रक मी वाचतो ते फक्त खालच्या बारीक अक्षरांसाठी. इथे ती "हवामान व बाजारभावाच्या अधीन" अशी आहेत. म्हणजे हमी कशाची, तर पत्रकाच्या कागदाची.

आणखी एक. आरोग्य विमा तुम्हाला कंपनीकडून आहे आणि तुम्हाला मधुमेह आहे. राजीनाम्याबरोबर ते छत्र जाईल. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या; जुन्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ असतो आणि तो पगार चालू असताना सरलेला बरा.

आता माती. "जमीन चांगली आहे का" या प्रश्नाला उत्तर नसतं. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेने 1976 मध्ये जमीन-मूल्यांकनाची जी चौकट मांडली, तिचं पहिलंच तत्त्व आहे की योग्यता ठरते ती ठरावीक वापरासाठी. ज्या भारी काळ्या रानात धान्य उत्तम येतं, तिथेच लिंबूवर्गीय झाडांच्या मुळांशी पाणी साचून मूळकूज होऊ शकते. काळी म्हणजे सोनं, हे बागेच्या बाबतीत डोळे मिटून मानू नका.

तुमचा अहवाल मी दोनदा वाचला. "नमुने : 1". खोलीचा रकाना कोरा. नमुना देणाऱ्याच्या नावापुढे विकणाऱ्याचं नाव. पाच एकरांतली एक मूठ, तीही त्यानेच निवडलेली! सामू (म्हणजे pH, मातीची आम्लता-अल्कता) 8.2 आहे, पण मुक्त चुना तपासलेला नाही. तो जास्त निघाला तर झाडाला जमिनीतलं लोह घेता येत नाही. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि फवारणीचा खर्च कायमचा मागे लागतो. नत्र, स्फुरद, पालाश कमी असेल तर काळजी करू नका, ते पोत्यात विकत मिळतं. खोली, निचरा आणि पाणी पोत्यात मिळत नाही, आणि अहवालात नेमकं यातलं काहीच नाही.

म्हणून कुदळ घेऊन जा. चार-पाच ठिकाणी छातीइतके खड्डे घ्या. दीड फुटावर मुरूम किंवा चुनखडीचा थर लागतो का, पाहा. मग खड्डा पाण्याने भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही तळाशी पाणी उभं असेल तर तिथे बाग नको. पृष्ठभागावर पांढरे फेस आल्यासारखे डाग दिसले तर क्षारांची वेगळी तपासणी करा.

विहिरीचा व्हिडिओ सुंदर आहे. पाणी फेसाळत पडतंय, आणि मागे बांधावरचं गवत गुडघाभर, हिरवंगार आहे. म्हणजे चित्रण पावसाळ्यातलं. पावसाळ्यात कुणाची विहीर आटते? भर उन्हाळ्यात 200 लिटरचं पिंप आणि घड्याळ घेऊन उभे राहा. समजा अडीच मिनिटांत पिंप भरलं आणि चार तासांनी पंप हवा ओढू लागला, तर दिवसाचं पाणी 19-20 हजार लिटर. मोठी झालेली बाग कडक उन्हात रोज सुमारे 5 मिलिमीटर पाणी मागते. एका एकरावर एक मिलिमीटर म्हणजे 4 हजार लिटर, म्हणजे एकराला रोज 20 हजार, पाच एकरांना एक लाख. दिवसाला 19-20 हजार देणारी विहीर एकच एकर पोसते, आणि तुम्ही पैसे पाच एकर बागायतीचे मोजताय. ठिबकाने वाया जाणारं पाणी वाचतं, झाडाची तहान कमी होत नाही.

दुसरी जमीन? पाण्याशिवाय उताराचा मुरूम स्वस्त असतो, याला कारण असतं. तिच्यात बागेचा विचार सोडा.

तेव्हा राजीनामा देऊ नका. मंजूर झालेलं कर्ज उचललं पाहिजे असं नाही. प्रक्रिया शुल्क गेलं तर जाऊ द्या. विसार 5 दिलाय. वकिलाला कागद दाखवा: मालकी, वहिवाटीचा रस्ता, आणि शेतकरी नसताना तुम्हाला शेतजमीन घेता येते का, कारण काही ठिकाणी येत नाही. सुटण्याची वाट नसेल आणि ते 5 बुडाले, तरी 100 मधले 95 शिल्लक राहतात. विसार वाचवायला 90 चा व्यवहार पुरा करणारे मी बरेच पाहिलेत.

शेतीची हौस खोटी आहे असं मी म्हणत नाही. नोकरी सांभाळून एक-दीड एकर दोन हंगाम खंडाने करून बघा. पुंजीतले 3-4 लागतील. मजूर न आलेली सकाळ आणि भाव पडलेला आठवडा, दोन्ही त्यात अनुभवून होतील.

दरम्यान विकणाऱ्याला सांगा की उन्हाळ्यात पाणी मोजल्याशिवाय पुढचा पैसा नाही. तो घाई करू लागला तर तेही मला कळवा. आणि लिटरचा आकडा हाती आला की पाठवा, किंमत किती पाडून मागायची ते तेव्हा बोलू.