बी.एस्सी. सोडून बी.ए. इतिहास घेतलं, आता नोकरीचं काय?

ताई, तुम्ही लिहिलंय की जळगावला बी.एस्सी.चं पहिलं वर्ष करून तुम्ही बी.ए. इतिहासाला आलात, आता दुसऱ्या वर्षाला आहात, आणि घरी आलेला प्रत्येक पाहुणा "पुढे काय?" विचारतो तेव्हा पोटात गोळा येतो. मी याच वाटेनं गेलोय. रसायनशास्त्र सोडलं त्या संध्याकाळी माय चुलीपुढे बसली होती. एवढंच म्हणाली, "बी.ए. करीसन काय करशी रे भाऊ?" आबा काहीच बोलले नाहीत. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता आणि माझी वर्षाची फी वाया गेली होती. त्यांचं ते गप्प राहणं मला जास्त लागलं.

तुमची काळजी खोटी नाही. नुसत्या बी.ए.च्या पदवीवर नोकरी मिळत नाही. पण नुसत्या बी.एस्सी.वर तरी कुठे मिळते? माझ्या तेव्हाच्या वर्गातले बरेच जण शेवटी बी.एड. किंवा स्पर्धा परीक्षेकडेच वळले.

प्राध्यापकीवर मात्र सगळी भिस्त ठेवू नका. एम.ए. आणि सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, झाल्यावर मी दोन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. जेवढे तास तेवढे पैसे, उन्हाळ्यात काहीच नाही. एका संस्थेत कायम जागेची मुलाखत चांगली झाली, आणि बाहेर आल्यावर एकानं बाजूला घेऊन विचारलं, "किती देऊ शकाल?" आबांना शेत विकायला सांगणं मला शक्य नव्हतं. मी सरळ एसटी पकडली.

मला उभं केलं ते मोडी लिपीनं, म्हणजे पूर्वी मराठी ज्या लिपीत भराभर लिहीत तिनं. बी.ए.ला असताना धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुने कागद पाहिले आणि त्यातलं एक अक्षर वाचता येईना, तेव्हा ती शिकायची असं ठरवलं. इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या शेवटी धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी हे मंडळ उभं राहिलं. गावोगाव फिरून दप्तरं गोळा करणाऱ्या माणसाचं नाव आपल्या भागात असं टिकून आहे, याचा मला आजही अभिमान वाटतो. पुराभिलेख संचालनालय, म्हणजे जुने सरकारी कागद जपणारं राज्याचं खातं, मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, त्यावर लक्ष ठेवा. वर्ग थोड्या दिवसांचा असतो, हात आणि डोळा बसायला मात्र वर्षभर रोज एक पान वाचावं लागतं.

हे पोटापाण्याचं काम आहे का? आहे. जुन्या जमिनीचे वाद, वाटण्या, जात पडताळणी, सगळीकडे मोडीतले कागद निघतात. 2023 साली कुणबी नोंदी शोधायचं काम सरकारनं हाती घेतलं, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती वानवा आहे ते सगळ्यांना कळलं. आधी मी एका वकिलांकडे कागद वाचून द्यायचो. आता लिप्यंतर आणि कोर्टाच्या कागदांचं भाषांतर यावरच माझं घर चालतं.

मागे शिंदखेड्याकडचे एक बाबा कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल घेऊन आले. दुधाच्या पिशवीत घडी घातलेली, शाई फुटलेली. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. भिंग फिरवत फिरवत "वल्द" सापडलं, म्हणजे पुढे बापाचं नाव असणार. तिथे त्यांच्या पणजोबांचं नाव निघालं. बाबांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

तुम्ही मोडीच शिका असा माझा आग्रह नाही. तुमच्या विषयाला लागून असलेलं, दुसऱ्याला गरज पडेल असं एक काम या दीड वर्षात हातात घ्या. भाषांतर घ्या, किंवा अहिराणी-भिलीतून मुलाखती घेऊन नीट उतरवून काढणं घ्या. आपल्या भागात काम करणाऱ्या संस्थांना भिली कळणारी, चांगलं मराठी लिहिणारी माणसं सहज मिळत नाहीत.

बाकी वाटा तुम्हाला ठाऊक असतीलच. तीन वर्षांची एलएल.बी. कुठल्याही पदवीवर सीईटी देऊन करता येते. शाळेत शिकवायचं तर बी.एड. आणि टीईटी. यूपीएससीत वैकल्पिक विषयाला 500 गुण आहेत आणि इतिहास घेता येतो. एमपीएससी राज्यसेवेची मुख्य परीक्षाही 2025 पासून वर्णनात्मक झालीय, म्हणजे लिहिता येणाऱ्याला तिथे वाव आहे. फक्त किती वर्षं देणार ते आजच ठरवा आणि घरीही सांगून ठेवा. अभ्यासिकेत तिशी ओलांडलेले मित्र मी पाहिलेत, त्यांच्याकडे बघून जीव तुटतो.

दिवाळीला घरी जाल तेव्हा आबा-काकांना विचारून जुन्या कागदांची पेटी उघडा. सातबाऱ्याच्या खाली एखादा मोडी कागद बहुतेक निघेलच. त्याचा फोटो मला पाठवा, पहिल्या दोन ओळी आपण मिळून वाचू.